कारण : पेशंटची इच्छा

सोमवार, ४ मार्च

नवे अधीक्षक आल्यापासून रुग्णालयात कागद वाढले आणि खाटा तेवढ्याच राहिल्या. आज त्यांनी संमतीपत्राचा नवा नमुना वाटला. पूर्वी एक पान होतं, आता चार. पेशंटला काय सांगितलं, तिनं काय विचारलं, दुसरे कोणते पर्याय दिले, प्रत्येक गोष्टीला वेगळा रकाना. मी सभेत म्हटलं, तीस वर्षं बायकांशी बोलतेय, मला बोलायला रकाने लागत नाहीत. सगळे हसले, अधीक्षक सोडून. त्यांचं वय माझ्या नोकरीपेक्षा फार जास्त नसेल.

प्रसूती विभागात येणाऱ्या नव्या डॉक्टर मुलींना मी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवते. वाईट बातमी टेबलापलीकडून द्यायची नाही. उठायचं, आपली खुर्ची पेशंटच्या शेजारी ओढायची, पेन खाली ठेवायचं, आवाज उतरवायचा आणि मग बोलायचं. मध्ये टेबल असलं की बाईला वाटतं, आपण कचेरीत आलोय. ही माझी स्वतःची रीत आहे, कुठल्या पुस्तकातली नाही. तिला कुठल्या रकान्यात बसवणार?

डिंकवाली तपासणीला आली होती. ती वाचनालयात फाटलेली पुस्तकं दुरुस्त करते. बोटांना कायम वाळलेला डिंक, म्हणून माझ्या वहीत ती डिंकवाली. पेशंटची खरी नावं मी इथं लिहीत नाही. चार वर्षांत तिची दोन गेली, एक पाचव्या महिन्यात, एक तिसऱ्या. दोन्ही वेळा तिला सांगायचं माझ्याच वाट्याला आलं. या खेपेला साडेसदतीस आठवडे झाले. ठोके उत्तम, वजन उत्तम, पाणी उत्तम, रक्तदाब माझ्यापेक्षा बरा. हे बाळ मला माझ्या हातांनी काढायचंय. पेशंटबद्दल असं वाटू नये म्हणतात, पण वाटतं खरं.

मंगळवार, ५ मार्च

डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेले. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू शनिवारी, सोळा तारखेला काढायचा. त्यांनी सगळं समजावून सांगितलं, फार छान बोलतात. मी सही करून टाकली. घरी आल्यावर धाकट्या बहिणीनं विचारलं, भिंग कुठल्या जातीचं बसवणार, किती दिवस वाकायचं नाही, चष्मा जाणार की राहणार? मला एकाचंही उत्तर देता येईना. म्हटलं, अगं, बघतील की ते. माणूस चांगला आहे.

म्हणजे सोळापासून तीन आठवडे रजा. डिंकवालीची तारीख एकवीस आहे. तेव्हा मी डोळ्याला पट्टी लावून घरी बसलेली असणार. मला हे अजिबात चालणार नाही.

गुरुवार, ७ मार्च

मार्ग काढला. डिंकवालीचे पुढच्या गुरुवारी एकोणचाळीस आठवडे पूर्ण होतात. त्यानंतर औषध देऊन कळा आणण्यात वावगं काही नाही. कित्येक जणींच्या आम्ही आणतो, सुरळीत पार पडतं. आज ती आली तेव्हा ठरवूनच टाकलं.

इतकी चांगली गोष्ट सांगायची तर दुरून कशाला, म्हणून उठले, खुर्ची तिच्या शेजारी ओढली, तिचा हात हातात घेतला. म्हटलं, "हे बघ, पुढच्या गुरुवारी तुला दाखल करून घेऊ. औषधानं कळा आणू. शनिवारपासून मी नाहीये. त्याच्या आत बाळ बाहेर आलेलं बरं."

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाळ ठीक आहे ना?"

"एकदम ठीक."

"ठोके?"

"आत्ताच ऐकलेस की."

मग मी तिला सगळं सांगितलं. कळा यायला एक दिवस लागतो, कधी दोन. आल्याच नाहीत किंवा बाळाला त्रास होतोय असं वाटलं तर सिझर. रक्तस्राव थोडा जास्त होऊ शकतो. हातचं काही राखलं नाही. "काही विचारायचंय?" म्हटलं. तिनं नाही अशी मान हलवली. "तुम्ही असाल ना पण?" एवढंच. म्हटलं, म्हणून तर गुरुवार धरलाय, बाई. तिनं चारही पानांवर सह्या केल्या, न वाचता. इतका विश्वास टाकणारे पेशंट आता राहिले नाहीत.

नवऱ्याला आत बोलावलं. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, खांद्याला कायम हत्यारांची पिशवी. त्याला तारीख सांगितली तर म्हणतो, "गुरुवारपर्यंत थांबलं तर चालेल ना मॅडम? आजच नको ना करायला?" मला हसूच आलं. "बघा, बापाला किती घाई!" तो हसला नाही. अशा वेळी पुरुषांना थट्टा कळत नाही.

शनिवार, ९ मार्च

नवी डॉक्टर डिंकवालीचे कागद पुरे करत होती. मुलगी हुशार आहे, पण शब्दाला शब्द लावून बसते.

"मॅडम, कारण या रकान्यात काय लिहू?"

"लिही, पेशंटची इच्छा."

"त्यांनी मागितलं होतं?"

"नको म्हणाली का?"

तिनं पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. मग पुन्हा, "आणि इतर पर्याय?"

"कळा आपोआप येण्याची वाट बघणे."

"ते त्यांना सांगितलंय?"

"अगं, वाट बघ हे काय सांगायचं असतं? नऊ महिने ती दुसरं काय करतेय?"

तिनं लिहिलं. आपल्या बोलण्यावर मीच हसले, ती हसली नाही. अधीक्षकांचा वारा लागलाय सगळ्यांना.

दुपारी प्रसूती कक्षाच्या सिस्टरनंही नाक खुपसलं. वीस वर्षं एकत्र काम केल्यामुळे तिला ती मुभा आहे. "बाई, गर्भपिशवीचं तोंड अगदी कच्चं आहे हिचं. मला विचाराल तर आठवडाभर हात लावू नका. तुम्ही नसलात तर दुसऱ्या डॉक्टर आहेत की." शेवटचं वाक्य मला लागलं. का लागलं ते नीट सांगता येत नाही. दुसऱ्या डॉक्टर चांगल्याच आहेत. पण ती दोन्ही दुःखं या बाईला मी सांगितली, तर तिसऱ्या खेपेचं सुख माझ्या हातून जाऊ नये, यात माझं चुकलं कुठं?

सोमवार, ११ मार्च

डिंकवाली आज वेळ न घेताच आली. म्हणाली, ठोके ऐकायचेत. ऐकवले. म्हणाली, अजून थोडा वेळ. पुरी दहा मिनिटं यंत्र पोटावर ठेवलं, ती छताकडे बघत ऐकत होती. हौशी आई आहे. निघताना विचारलं, "हालचाल कमी वाटली तर किती वेळात पोचायला हवं?" म्हटलं, कमी वाटली की लगेच ये, पण तसं काही होत नाही, आणि गुरुवार आलाच. ती "हो, गुरुवार" म्हणाली आणि दारात थोडी थांबून मग गेली.

सिस्टर सांगत होती, आत येण्याआधी ती बाकावर पाऊण तास बसून होती. कामावरून अर्ध्यातून उठून आली होती. बाळाचे कपडे, दुपटी घेतलीस का, असं सिस्टरनं विचारलं तर म्हणाली, नंतर बघू. शहाणी आहे. बाकीच्या पाचव्या महिन्यापासून घर भरून ठेवतात.

गुरुवार, १४ मार्च

सकाळी आठला दाखल. नवऱ्यानं पिशवी आणून ठेवली आणि खाटेच्या पायथ्याशी उभाच राहिला. पहिली गोळी ठेवली. ठोके छान. दुपारपर्यंत कळांचा पत्ता नाही. दुसरी गोळी. संध्याकाळी बारीक कळा, तोंड जसंच्या तसं. घरी जाताना तिला म्हटलं, "उद्या बघ कसं धावत येतं." तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. सोडवून घ्यावं लागलं.

शुक्रवार, १५ मार्च

सिझर झालं. मुलगी.

सकाळी तोंड जेमतेम दोन बोटं. सलाईनमधून औषध सुरू केलं. अकरापर्यंत कळा जोरात, तरी पुढे काही सरकेना. ती ओरडली नाही. एकदाच म्हणाली, "मॅडम, उशीर तर नाही ना झाला?" दोनच्या सुमाराला ठोके उतरायला लागले. मी वाट बघितली नाही. बाळ काढलं तेव्हा ते रडलं, पण श्वास भरभर चालला होता, म्हणून बालविभागात दिलं. मग पिशवी आकसेना. रक्त थांबता थांबेना. चाळीस मिनिटं सिस्टर, मी आणि भूल देणारे डॉक्टर एकमेकांशी फक्त आकड्यांत बोलत होतो. शेवटी थांबलं. पिशवी वाचली.

घरी आल्यावर हात धुवायला गेले आणि नळाखाली तसेच धरून उभी राहिले. बहिणीनं विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, मुलगी झाली.

सिस्टर मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

रविवार, १७ मार्च

एका डोळ्यानं लिहितेय, ओळी वर चढताहेत. काल डोळा झाला. वाकायचं नाही, हे आत्ता कळलं. ऑपरेशननंतर चढलेला डिंकवालीचा ताप उतरलाय, मुलीचा ऑक्सिजन काढला. नवी डॉक्टर फोनवर सांगत होती. जिवात जीव आला.

बुधवार, २० मार्च

बहीण नको नको म्हणत असताना काळा चष्मा लावून रुग्णालयात गेले. डिंकवालीला आज घरी सोडणार होते. मुलगी तिच्या कुशीत होती. दोघी ठणठणीत, आई जरा पिवळी दिसत होती एवढंच.

मला बघून ती रडायलाच लागली. म्हणाली, "तुम्ही वाचवलंत हिला. तुमच्या वेळेवर लक्षात आलं नसतं तर हीसुद्धा गेली असती."

म्हटलं, "काय लक्षात आलं?"

"जे होतं ते. मी विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही. तुम्ही खुर्ची ओढून माझ्याजवळ बसलात ना, तेव्हाच मी समजले. मागच्या दोन्ही वेळा तशाच बसला होतात."

 नवरा शेजारून म्हणाला, "आमच्या कामातसुद्धा तसंच असतं मॅडम. लोकांना घाबरवायचं नाही. तारीख सांगायची आणि तोवर दोरावर नजर ठेवायची." त्या आठवड्यात तो रोज पहाटे उठून तिच्या पोटाला कान लावत होता, हे तिनंच सांगितलं. बाळ हललं की तो पुन्हा झोपायचा. सात दिवस. आणि मी त्याला घाईचा बाप म्हणाले होते.

मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि ती म्हणाली, "हिला तुमचं नाव द्यायचं ठरवलंय. पुढच्या शुक्रवारी नोंदणीला जाणार." मी काळा चष्मा काढला नाही.

शनिवार, २३ मार्च

तीन दिवस डोक्यात दुसरं काही नाही.

बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "मूल बरं, आई बरी, ती तुला देवासारखी मानते. तिचं समाधान कशाला काढून घेतेस? सांगून मन तुझं हलकं होईल, तिला काय मिळेल?" हे मला पटलं. इतकं पटलं की त्याचीच भीती वाटली.

अधीक्षकांकडे स्वतः गेले. वाटलं होतं, पोरगा चार पानं माझ्या तोंडावर मारील. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कारणाच्या रकान्यात पेशंटची इच्छा लिहिलंय. ते खरं आहे का?" म्हटलं, नाही. "मग ते आधी दुरुस्त करा, तारीख घालून, सही करून. बाकी तुम्ही त्यांना काय सांगायचं ते मी सांगणार नाही." मी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं: डॉक्टरची सोय.

सिस्टरला विचारलं. ती चादरी मोजत होती, थांबली नाही. "बाई, तिला पुन्हा दिवस जातील. तेव्हा ती आधीपासून घाबरून बसेल की आपल्या पोटात बाळ टिकत नाही, कापूनच काढावं लागतं. ते तुम्हाला चालणार आहे का, तेवढं बघा."

मंगळवार, २६ मार्च

फोन करायला तीनदा हातात घेतला. पहिल्यांदा ती जेवत असेल, दुसऱ्यांदा बाळ झोपलं असेल, तिसऱ्यांदा फोनवर असं सांगू नये. गुरुवारी टाके दाखवायला येईल तेव्हा सांगेन. भित्रेपणाला मला किती चांगली कारणं सुचतात.

गुरुवार, २८ मार्च

सांगितलं.

दोघं आली. मी काही बोलायच्या आत तिनं मुलगी माझ्या हातात दिली, म्हणाली, "घ्या ना, तुमचीच आहे." दोन आठवड्यांत अंगावर मांस धरलंय. मी तिला घेऊन उभी राहिले. कुठल्या बाजूला बसावं ते कळेना, म्हणून बसलेच नाही.

म्हटलं, "उद्या नोंदणीला जाण्याआधी तुम्हाला एक सांगायचंय. त्या गुरुवारी हिला काहीही झालेलं नव्हतं. त्याआधीही नाही. मी तारीख दिली त्याला आजाराचं कसलंही कारण नव्हतं. तू थांबतेस का, असं मी तुला विचारायला हवं होतं. थांबली असतीस तर चाललं असतं. मी विचारलं नाही. वर कागदावर तुझीच इच्छा म्हणून लिहवून घेतलं. ते खोटं होतं, आता दुरुस्त केलंय."

नवरा म्हणाला, "म्हणजे ऑपरेशन लागलं नसतं?"

"कदाचित नसतं. कदाचित तरीही लागलं असतं. ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

"आणि ते रक्त?"

"तेही तसंच."

त्यानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. ती मात्र माझ्याकडे बघत होती. मी चार दिवस सगळ्याची तयारी केली होती. ती चिडेल, रडेल, तक्रार करीन म्हणेल, प्रत्येकाला काय बोलायचं ते ठरवलं होतं. तिनं विचारलं ते माझ्या यादीत नव्हतं.

"म्हणजे माझ्या पोटात ही नीट होती?"

"अगदी नीट होती."

"शेवटपर्यंत?"

"कळांचं औषध सुरू करेपर्यंत एक ठोकासुद्धा इकडचा तिकडे नव्हता."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मला वाटलं, याही वेळी माझंच पोट..." पुढचं तिला बोलवेना. रडू दुःखाचं नव्हतं, इतकं मला कळतं. नवरा तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. आणि खरं तेच लिहायचं तर त्या क्षणी मला वाटलं, सुटले. हिला यातून बरंच वाटतंय. म्हणजे मला माफी आहे.

मग तिनं डोळे पुसले. आवाज जराही न चढवता म्हणाली, "मग तिला तिथंच का राहू दिलं नाहीत?"

उत्तरं पुष्कळ होती. एकोणचाळीस आठवडे पूर्ण झाले होते, तारखेनंतरचेही धोके असतात, पुष्कळ जणींचं सुरळीत होतं. सगळी खरी. सगळी तोंडाशी आली.

म्हटलं, "मला माझ्या हातांनी काढायची होती. दुसरं काही नव्हतं."

तिनं हात पुढे केले. मी मुलगी दिली. टाके अजून ओढत असणार, पण नवऱ्याचा हात न धरता ती उठली आणि त्यानं दार उघडायची वाट न बघता बाहेर गेली. तो खांद्यावरची पिशवी सावरत तिच्या मागे गेला.

टाके बघायचे राहूनच गेले. सिस्टरला म्हटलं, तिला फोन कर. कधी यायचं आणि कुठल्या डॉक्टरांना दाखवायचं, ते तिला विचार.